जॉब थंड होऊ दे

ठाणे स्टेशनच्या नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर पनवेल लोकलची वाट बघत होतो, तेवढ्यात टीममधल्या सातारच्या मुलाचा मेसेज आला. "दादा, सर्व्हरवर शेतकऱ्यांची यादी उघडत नाहीये. फाइलच नाही म्हणतो. माझ्याकडे तर चालतंय."

शेवटचं वाक्य वाचलं आणि दिवस कसा जाणार ते कळलं. गाडी आली, दाराशी उभं राहायला जागा मिळाली. दिघा गाव गेलं, ऐरोली आलं, तोवर मी फोनवरच ती फाइल तीनदा बघितली होती. नाव तेच, जागा तीच. सर्व्हरवर फाइल डोळ्यांना दिसत होती आणि प्रोग्राम म्हणत होता, अशी फाइल इथे नाही.

आम्ही नऊ जण मिळून दूध संकलन केंद्रांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक), दर आणि दर दहा दिवसांचं बिल. यात जगावेगळं काही नाही, पण बिलात दोन रुपयांचा फरक पडला तर सकाळी सहा वाजता फोन येतो, आणि फोन करणारा माणूस तेव्हा पूर्ण जागा असतो. आम्ही नसतो.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास चोर सापडला. तो 'शेतकऱ्यांची' या शब्दातल्या 'ऱ' मध्ये लपला होता.

मराठी सोडून फारशा कुणाला लागत नाही असा हा ऱ. दऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्या. संगणकाच्या पोटात तो दोन तऱ्हांनी राहू शकतो. एक म्हणजे सबंध ऱ, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतःचा क्रमांक आहे. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता (खालचं टिंब), अशी दोन चिन्हं. दिसायला दोघे जुळे भाऊ. युनिकोडच्या नियमाप्रमाणेही ते एकच. पण आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सची फाइल व्यवस्था नियम वाचत बसत नाही, ती बाइट मोजते. पहिल्याचे तीन बाइट, दुसऱ्याचे सहा. संपला विषय, ही वेगळी फाइल.

जुन्या मॅकची फाइल व्यवस्था नावातली अशी अक्षरं फोडून ठेवायची, आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरायची. यादी तयार करणाऱ्या बाईंकडे तसला जुना मॅक होता. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला हा घोळ ठाऊक आहे, मॅकवर तो नावं पुन्हा जोडून घेतो. पण यादी गिटमधून आलीच नव्हती. ती झिप होऊन मेलने आली होती. सातारच्या मुलाने ती ज्या मॅकवर तपासली तिथे ती बिनतक्रार उघडली. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे खरंच चालत होतं.

(ऱ्याचा तिसराही अवतार आहे. काही लोक र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडणारं चिन्ह टंकतात. पडद्यावर तोच अर्धा ऱ उमटतो, पण युनिकोडसुद्धा त्याला पहिल्या दोघांचा भाऊ मानत नाही. आमच्या डेटाबेसमध्ये आजही 'म्हसवडकऱ्यांचा गोठा' शोधला की कधी मिळतो, कधी नाही. पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.)

पळसाला पानं तीनच असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने दोन लॅपटॉप शेजारी ठेवून पाहिले नसावेत.

त्या रात्री जेवताना हा किस्सा घरी सांगितला. सांगण्याच्या ओघात "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य इंग्रजीत कसं जगभर प्रसिद्ध आहे, त्यावर कसे विनोद आहेत, वगैरे सांगत होतो. बाबा ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "यात इंग्रजी काय आहे? आमच्याकडे प्रत्येक टर्नर हेच म्हणायचा."

बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. एकतीस वर्षं. ती शेड आता नाही, तिथे काचेची इमारत आहे आणि तिच्यात आमच्यासारखेच लोक खुर्च्यांवर बसून असतात. लहानपणी मी दोनदा तिथे गेलो होतो. आठवतो तो कटिंग ऑइलचा वास, आणि शेडच्या एका कोपऱ्यातली बंद दाराची थंडगार खोली. बाबा तिला गेज रूम म्हणायचे. घरात पंखासुद्धा एकच होता त्या काळात बाबांच्या ऑफिसात एसी आहे हे मी शाळेत बढाई मारून सांगायचो. तो एसी माणसांसाठी नव्हता, हे कळायला मला बराच वेळ लागला.

तो लोखंडासाठी होता. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात. ड्रॉइंगवर ५० मिलिमीटर लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ २० अंशांना ५० मिलिमीटर. हे ड्रॉइंगवर दरवेळी लिहीत नाहीत, धरलेलं असतं. आता मे महिन्यातली शेड, लेथवरून नुकताच उतरलेला शाफ्ट, हात लावला तर चटका बसेल असा. लेथ चालवणारा टर्नर तिथेच मायक्रोमीटर लावतो, माप बरोब्बर येतं, तो जॉब (मशीनवर चढवलेल्या तुकड्याला जॉब म्हणतात) ट्रेमध्ये टाकतो. तासाभराने तोच जॉब गेज रूममध्ये येतो आणि लहान भरतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ५० मिलिमीटरचा शाफ्ट ६० अंशांवर मोजला, तर तो २३ मायक्रॉन जाड दिसतो. ऐकायला काहीच नाही, पण बेअरिंग बसवणाऱ्याला विचारा.

"मग भांडण व्हायचं," बाबा म्हणाले. "तो म्हणायचा माझ्या मशीनवर बरोबर होतं. आणि बरोबरच होतं की. त्याचं माप चुकलं नव्हतं. त्याने जॉब थंड होऊ दिला नव्हता."

मला हे फार दिवस पुरलं. आमच्या क्षेत्रात हे वाक्य म्हणणाऱ्याकडे आपण आळशी किंवा बेफिकीर म्हणून बघतो. खरं तर तो प्रामाणिक साक्षीदार असतो. त्याच्या खोलीचं तापमान त्याला माहीत नसतं एवढंच. लॅपटॉपचंही तापमान असतं. कुठली आवृत्ती, कुठली भाषा, कुठली वेळ, फाइल नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरायचं की नाही, ओळ संपली हे कसं सांगायचं. यातलं काहीच आपण ठरवलेलं नसतं. दुकानातून पेटी घरी आली तेव्हाच ते ठरलेलं होतं.

ओळ संपण्याचंच घ्या. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन गोष्टी व्हायच्या, रोलर उजवीकडे परत यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. नौपाड्यातल्या टायपिंग क्लासात एका दांड्याने दोन्ही होत, म्हणून आम्हाला ते दोन वाटलेच नाहीत. संगणकात या दोन हालचालींची दोन न दिसणारी चिन्हं झाली. विंडोजने ही दोन्ही चिन्हं ठेवली, युनिक्सने आणि त्याच वळणाच्या लिनक्सने कागद सरकवण्याचं एक ठेवलं. त्यामुळे विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्याच ओळीच्या शेवटी एक अदृश्य रोलर परत येतो आणि स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम सापडत नाही. आमचे यात दोन दिवस गेले होते. हल्ली गिटला एका छोट्या फाइलमध्ये सांगून ठेवता येतं की ओळी अशाच संपवायच्या. ते आम्ही दोन दिवस गेल्यावर शिकलो.

पण मला सगळ्यात जास्त रुतून बसलेली चूक वेळेची आहे.

सातेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका केंद्रावरून तक्रार आली की काही शेतकऱ्यांचं सकाळचं दूध आदल्या तारखेला जमा होतंय. सगळ्यांचं नाही, काहींचंच. आम्ही ऐरोलीत बसून पंचवीस नोंदी करून पाहिल्या, सगळ्या बरोबर. लॅपटॉप भारतीय वेळेवर होते, सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर. भारत साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी आदल्या रात्रीच्या पावणेबाराचं. साडेपाचनंतर येणाऱ्यांची तारीख बरोबर, त्याआधी येणाऱ्यांची चूक. शिक्षा नेमकी कुणाला, तर जो सगळ्यांच्या आधी उठून कॅन घेऊन रांगेत उभा राहिला त्याला.

आमच्यापैकी कुणीही पहाटे सव्वापाचला दूध घालून पाहिलेलं नव्हतं. आम्ही अकराला ऑफिसात येणारी माणसं.

दोन घड्याळांचा हा घोळ आपल्याकडे जुनाच आहे. रेल्वे एके काळी मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई आपल्या वेळेवर; दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचं अंतर. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. मला त्या हट्टाचं थोडं कौतुकच वाटतं. आणि त्या काळात ठाण्याहून गाडी पकडणाऱ्याला रोज मनात किती वजाबाकी करावी लागत असेल, तेही डोळ्यांपुढे येतं.

तर मग आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच, उशिरा. आधी काही वर्षं व्हेग्रंट वापरलं. आख्खा दुसरा संगणकच आपल्या संगणकाच्या पोटात. चालायचं, पण पंखा असा घोंघावायचा की शेजारचा विचारायचा, पीठ दळतोयस का. मग डॉकर. २०१३च्या मार्चमध्ये पायकॉन या पायथन प्रोग्रामरांच्या परिषदेत पाच मिनिटांच्या छोट्याशा भाषणात सॉलोमन हाइक्सने ते पहिल्यांदा लोकांना दाखवलं. आमच्यापर्यंत पोचायला त्याला आणखी चार वर्षं लागली. कल्पना अशी की प्रोग्रामबरोबर त्याचं सगळं बिऱ्हाड एका पेटीत भरायचं. लायब्ररी, आवृत्त्या, सेटिंग, सगळं. पेटी कुठेही उघडा, आत घर तेच.

यात एक फसगत आहे, ती कुणी आधी सांगत नाही. बिऱ्हाड तेच असतं, जमीन यजमानाची असते. कंटेनर, म्हणजे ही पेटी, स्वतःचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणत नाही, खालच्या लिनक्सचं वापरतो. मॅकवर किंवा विंडोजवर खाली लिनक्स नसतंच, म्हणून डॉकर तिथे गुपचूप एक लिनक्स उभं करतं आणि मग फाइलींची ने-आण रडतखडत चालते. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या चिपचे लॅपटॉप आणले, तेव्हा आमच्या इंटेलच्या चिपसाठी बांधलेल्या पेट्या त्यांच्यावर नक्कल करत करत, धापा टाकत चालू लागल्या. एका मुलीच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर टेस्ट चालायला माझ्या पाच वर्षं जुन्या डबड्यापेक्षा तिप्पट वेळ लागायचा. ती बिचारी बरेच दिवस स्वतःलाच दोष देत होती.

आणि 'लेटेस्ट' हा शब्द. पेटीवर लेटेस्ट अशी चिठ्ठी लावली की ती कुठली पेटी हे कुणालाच सांगता येत नाही. काल मागवणाऱ्याला कालची मिळते, आज मागवणाऱ्याला आजची. पॅकेजच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, यादीतही आवृत्तीच्या आकड्यापुढे एक छोटी टोपी (^) असते. १.४.२ च्या डोक्यावर टोपी असली, तर २ च्या आतलं त्याहून नवं काहीही चालेल. टोपी घातलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं मी नव्या मुलांना सांगतो. म्हणून कुलूप-फाइल. जावास्क्रिप्टची पॅकेज आणून देणाऱ्या एनपीएमने ती २०१७ मध्ये आणली, त्याआधी तेच काम करणाऱ्या यार्नने. नेमकं काय बसवलं ते अक्षरन् अक्षर लिहून ठेवते. कुलूप लावलं म्हणजे माल सुरक्षित असंही नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने नावावरून झालेल्या वादात काढून घेतलं, आणि त्याच्यावर टेकलेले कितीतरी प्रकल्प जगभर धडाधड पडले. माल दुकानातूनच गेला तर कुलूप काय करणार. तेव्हापासून लागणाऱ्या पॅकेजची एक प्रत आम्ही आमच्याकडेही ठेवतो. घरात चार दिवसांचं पीठ असावं, तसं.

सातारचा मुलगा मात्र या सगळ्याला बधला नाही. त्याचा स्वतःचा लॅपटॉप विंडोजवाला, आठ जीबीचा. डॉकर सुरू केलं की ब्राउझर मान टाकायचा. सहा महिने मी त्याच्या मागे लागलो होतो, तो गोड हसून "बघतो दादा" म्हणायचा. मराठीत 'बघतो' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या डोक्यात तेव्हा एकसारखेपणाचं वारं शिरलं होतं. सगळ्यांचं एडिटर एक, टर्मिनलचा रंग एक इथपर्यंत माझी मजल गेली होती. आता लाज वाटते.

तो बधला नाही म्हणून वाचलो. आम्ही बिलाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) काढून द्यायची सोय केली. आम्हा आठ जणांच्या एकसारख्या पेट्यांत सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. त्याने फाइलवर डबल क्लिक केलं, एक्सेल उघडलं, आणि शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र युरोपियन अक्षरं. फाइलच्या सुरुवातीला 'हे युटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे' सांगणारे तीन बाइट आम्ही घातले नव्हते, आणि विंडोजवरचं एक्सेल त्यांच्याशिवाय आपल्याच समजुतीने वाचत होतं. लिनक्सवर आम्हाला ते कधीच दिसलं नसतं. गावातल्या केंद्रावर काय असतं? विंडोज. सगळीकडे विंडोज. जुनं, धूळ बसलेलं, कीबोर्डवर प्लॅस्टिक घातलेलं. आमची आठ मशीनं एकमेकांसारखी करताना, ज्याच्यासारखी व्हायला हवी होती त्याच्यासारखं एकच मशीन आमच्यात होतं, आणि मी त्याच्याच मागे काठी घेऊन लागलो होतो.

आता त्याच्या लॅपटॉपला आम्ही 'केंद्र' म्हणतो. प्रत्येक आवृत्ती बाहेर जाण्याआधी केंद्रावर जाऊन येते. मेमरीही वाढवून दिली, पण विंडोज ठेव म्हटलं.

गेल्या जूनमध्ये एक नवीन मुलगी रुजू झाली. कल्याणची, पहिलीच नोकरी. तिला मशीन तयार करायच्या पायऱ्यांची रीडमी फाइल दिली आणि म्हटलं, यात सगळं आहे. तिसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली. "सर, अकरावी पायरी कळत नाहीये."

सर नको, नावाने हाक मार, असं सांगून मी अकरावी पायरी वाचली. तिथे लिहिलं होतं, 'डेटाबेसच्या पासवर्डसाठी सुहासला विचारा.' सुहास हे नाव मी इथे बदललंय, पण त्याने काही फरक पडत नाही, कारण खरा माणूस तीन वर्षांपूर्वीच पुण्याला निघून गेला होता. आम्हाला कुणालाच ते खटकलं नव्हतं. आमच्या मशीनवर पासवर्ड केव्हाच बसलेला होता. पेट्या, कुलपं, टोप्या, सगळं आम्ही नीट लावलं होतं आणि मधोमध एक माणूस उभा होता, जो तिथे नव्हता. तीन दिवस ती मुलगी त्याला शोधत होती आणि विचारायला लाजत होती. तिला वाटलं, सुहास कोण हे सगळ्यांना माहीत असणार.

तिला मी म्हटलं, कोरा लॅपटॉप फक्त तुझ्याकडे आहे, आमच्यापैकी कुणालाच आता हे तपासता येणार नाही. जिथे जिथे अडशील तिथे मला विचारण्याआधी लिहून ठेव. तिने चौदा गोष्टी लिहिल्या. पाच तर मलाही ठाऊक नव्हत्या. तिच्या लॅपटॉपवर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टाकलेला जुना पोस्टग्रेस डेटाबेस ५४३२ नंबरचा पोर्ट अडवून बसला होता, ही त्यातली शेवटची. आता रीडमीत ती ओळ आहे, तिच्याच शब्दांत, किंचित वैतागलेली. मी ती सुधारली नाही. आणि दर नव्या माणसाचा पहिला आठवडा आता असाच जातो, रीडमीशी भांडण्यात.

परवाच्या रविवारी घरी मिक्सरच्या भांड्याची पिन तुटली. गोखले रोडवर दोन दुकानं फिरून तशीच दिसणारी एक आणली. भर दुपार, बारा वाजून गेलेले. बाबांनी कपाटातून मखमलीच्या पेटीतला मायक्रोमीटर काढला, जो ते रिटायर होताना घेऊन आले होते. जुनी पिन आधीच टेबलावर ठेवलेली होती. मी खिशातून नवी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत धरून पाहिली आणि मोजायच्या ऐवजी जुनीच्या शेजारी ठेवून दिली.

"मोजा की," मी म्हटलं. "मिक्सरची तर पिन आहे."

"तू चहा टाक," बाबा म्हणाले. "तोवर येतील दोघी एका तापमानाला."